राजीला दिलेला शब्द

११ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची. बार्शीहून दोन एसट्या बदलून सास्तूरला उतरले. तिथून पुढं शंभूच्या मोटारसायकलवर, मांडीवर पुस्तकांची पेटी आणि पाठीला वळकटी, अशी माझी वरात निघाली. वाटेत एका बैलगाडीवाल्यानं थांबून शंभूला विचारलं, पाव्हणी कोण? शंभू म्हणाला, सर्वेच्या मॅडम. गाडीवाल्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पिशवीत इंजेक्शनंच घेऊन आलेय. एकोणपन्नासाव्या वर्षी लोक आपल्याला घाबरतात, हेही काही थोडं नाही!

गावाचं नाव इथंही लिहीत नाही. ज्यांची माहिती घेतो त्यांचं नावगाव उघड करायचं नसतं, आणि बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अभ्यासांचे फॉर्म भरून ही सवय हाडात मुरलीय. या वेळी मात्र अभ्यास माझा स्वतःचा आहे. जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणूस मनानं कसा घडत जातो, ते एका घरातल्या तीन पिढ्यांत राहून पाहायचं. अकरा वर्षांपूर्वी पीएच.डी.ला नाव घातलं. मधे हे गेले, मग लेकीचं, वर्षाराणीचं शिक्षण, मग नुसताच थकवा. आता जूनच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, असं पत्र आलंय. म्हणून हे तीन महिने.

घर भूकंपानंतर बांधून मिळालेलं. सरळ गल्ली, एकसारख्या भिंती, दारावर नंबर. शंभू आणि त्याची बायको दीपमाला, शंभूचे आईवडील कडूबाई आणि धोंडीबा, आणि साडेचार वर्षांची राजेश्वरी, म्हणजे राजी. धोंडीबा ओसरीवर खाटेवर असतात, पाय चालत नाहीत. कडूबाईंना दिसत नाही. पण घर असं लख्ख की मला माझ्या बार्शीच्या खोलीची लाज वाटली. माझी खोली परवापर्यंत सोयाबीनच्या पोत्यांची होती, अजून तोच वास आहे. मला आवडला.

वयं लिहून घेताना हसू आलं. शंभू, दीपमाला, धोंडीबा, तिघांचीही जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. शाळा न पाहिलेल्या कडूबाईंची आधार कार्डवाल्यानं एक जानेवारी केलीय. खरं वय विचारलं तर म्हणाल्या, भूकंपाला शंभू पाळण्यात होता, काय ते तुमीच काढा. काढलं. संध्याकाळी गरम भाकरी, तुरीच्या कोवळ्या शेंगांची आमटी. किती दिवसांनी कुणीतरी मला वाढलं! आज बरं वाटतंय.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म आज भरले. इथल्या बोलीतला एक शब्द मला फार गोड वाटला. आपण म्हणतो, म्हाताऱ्याचे पाय गेले, डोळे गेले. इथं 'गेले' म्हणत नाहीत, 'दिले' म्हणतात. धोंडीबांना विचारलं, पाय कधीपासून अधू? तर म्हणाले, "पाय दिल्याला दोन वर्सं हुतील बगा. येळवशीला." येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी इकडं सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. कडूबाई म्हणाल्या, नजर त्याच्या आधी दिली, लक्ष्मीपूजनाला. पणती लावता लावता. डॉक्टरांनी तपासून डोळ्यांत दोष नाही असं सांगितलं, तर कडूबाईंना त्याचंही काही वाटलेलं नाही. दोष नव्हताच म्हणे, चांगले होते म्हणून तर दिले.

मी फॉर्मवर लिहिलं: 'दिले – स्थानिक बोली, अर्थ, गमावले.' किती समजूतदार भाषा आहे ही. गेलेल्याचं दुःख करत बसण्यापेक्षा आपणच दिलं म्हणायचं. आमच्या पुस्तकात हेच चार पानं खर्चून सांगितलंय, की विकास म्हणजे नुसतं वाढणं नव्हे, प्रत्येक वयात माणूस काही मिळवतो आणि काही गमावतो. कडूबाईंनी एका क्रियापदात उरकलं.

धोंडीबा फारसे बोलत नाहीत. मी जायला उठले तेव्हा विचारलं, तुमचं शिक्षण किती? मी सांगितलं. ते माझ्याकडं नीट पाहून म्हणाले, लई हाय. मला ते कौतुक वाटलं.


१९ नोव्हेंबर, मंगळवार

राजीचा फॉर्म. पोर गोड आहे, गालावर खळी, केसांना तेल चोपडलेलं. टाळी वाजवली की मान वळवते, सांगितलेलं आणून देते, चित्रातली गाय बरोबर दाखवते. पण बोलत नाही. एक शब्दही नाही. लोहाऱ्याला, सोलापूरला दाखवून झालं, कानात दोष नाही, जिभेत दोष नाही, बोलेल म्हणाले. हसते तेव्हा तोंड उघडतं, खांदे हलतात, आवाज मात्र येत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकले, आता सवय झाली.

सगळं उशिरा झालंय तिचं. जन्मल्यावर नजर ठरेना. पाय टाकायला अडीच वर्षं घेतली. दीपमालाला सगळे दिवस पाठ आहेत. मी थकून भराभर लिहीत गेले: नजर ठरली – लक्ष्मीपूजन. पहिलं पाऊल – येळवस, शेतात. पहिला शब्द – आणि ती जागा रिकामी ठेवली.

दीपमाला त्या रिकाम्या जागेकडं पाहत बसली. सव्वीस वर्षांची आहे, माझ्या राणीएवढीच. गल्लीत पोरीला मुकी म्हणूनच हाक मारतात. जूनमध्ये शाळेत घालायचं, तिथं तेच नाव पडेल. एकदा पडलेलं नाव इथं माणूस मेल्यावरही सुटत नाही, म्हणाली. मला तिला काहीतरी आश्वासन द्यावंसं वाटलं आणि मी गप्प बसले. पन्नाशीला आल्यावर एवढं तरी कळतं.


२४ नोव्हेंबर, रविवार

काय कळतं कप्पाळ!

आज सकाळी वर्षाराणीचा पुण्याहून फोन. ऑफिसात नुसती वर्षा म्हणवून घेते, पूर्ण नाव तिला जुनाट वाटतं. मी राणीच म्हणते. तिनं नेहमीसारखं झापलं. आई, त्या बाईचा प्रबंध टाइप करून देणार म्हणून हो म्हणालीस, मामींकडच्या बारशाला राबायला हो म्हणालीस, आता स्वतःचं काम करायला गेलीस तिथंही कुणाचं तरी ओझं घेशील. तुला नको म्हणायचा क्लास लावायला पाहिजे. मी हसले. तिनं तासाभरात चारदा तरी आई म्हटलं, ते कानात साठवून ठेवलं.

आणि दुपारी मी तेच केलं. दीपमाला भाकरी थापता थापता रडायला लागली. कालपासून राजी खेळायला गेली नव्हती, पोरींनी हाकललं. मला म्हणाली, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, माझी पोर बोलती करा. मी म्हटलं, प्रयत्न करते. ती म्हणाली, प्रयत्न नको, शब्द द्या.

माझं मन भरून आलं. म्हटलं, दिला. संक्रांतीच्या आत राजी बोलेल, हा माझा शब्द.

कडूबाई चुलीपाशी होत्या. त्या चाचपडत उठून आल्या आणि विचारलं, "मनापासनं देताव न्हवं, बाई?" मी म्हटलं, अगदी मनापासून. त्यांनी राजीचा हात माझ्या हातावर ठेवला, गुळाचा एक खडा फोडून अर्धा माझ्या तोंडात घातला, अर्धा तिच्या. साधी रीत, पण दीपमाला माझ्या पाया पडली. धोंडीबांनी खाटेवर तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांना शिवाशिव खटकली असेल, किंवा मी वेळेत काम करणार नाही असं वाटलं असेल. राणीला यातलं काही सांगणार नाही.


२८ नोव्हेंबर, गुरुवार

राजी बोलली!

सकाळी मी अंथरुणावर बसून वाचत होते. ती दारात आली, माझ्या नाकाकडं बोट केलं आणि स्पष्ट म्हणाली, चष्मा. तोतरं नाही, अर्धवट नाही. उच्चारही थेट माझ्यासारखाच. मी ओरडलेच. घरभर धावपळ, शंभू शेतातून मोटारसायकल दामटत आला, कडूबाईंनी दृष्ट काढली. मी फॉर्मच्या रिकाम्या जागेत तो शब्द लिहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की माझ्या कामानं कुणाचं तरी भलं झालं.

संध्याकाळी गंमतच झाली. ते काढून कुठं ठेवलं ते विसरले आणि दीपमालाला विचारायला गेले, तर नावच आठवेना. नाकावर बोटं ठेवून उभी. दीपमालानं न बोलता आणून दिलं. आता हे लिहितानाही वरचा तो शब्द फॉर्ममधून पाहून लिहिलाय. वय झालं, दुसरं काय.


३ डिसेंबर, मंगळवार

राजीचे अठरा शब्द झाले. पुस्तकात म्हटल्याप्रमाणं आधी नामं येताहेत. गंमत अशी की सगळी माझ्या खोलीतली. ज्यात पुस्तकं ठेवते ते, डोक्याखाली घेते ते, केस विंचरायचं ते.

मला मात्र शब्द सापडेनासे झालेत. पन्नाशीच्या आसपास वस्तूंची नावं निसटतात, तेही पुस्तकात आहे. पोरीला नामं येतात आणि मला जातात, म्हणजे पुस्तक दोघींनाही लागू पडलं! झोप कमी पडतेय. लोहाऱ्याहून गोळ्या आणायला हव्यात. शंभूला सांगताना ज्याच्या गोळ्या हव्यात तो शब्दही आठवला नाही, नुसतं डोकं दाबून दाखवलं.

धोंडीबांनी आज मला हाक मारून जवळ बसवलं. काही सांगायचं होतं. कडूबाई आतून म्हणाल्या, पोरीचं चांगलं चाललंय, गप बसा. ते गप बसले. पण माझा हात धरून ठेवला होता, सुटत नव्हता.


८ डिसेंबर, रविवार

आज प्रकरण लिहायचं म्हणून सगळे फॉर्म अंथरुणावर पसरले. आजी-आजोबांचे डाव्या हाताला, नातीचा उजव्या.

धोंडीबा, पाय दिले – येळवस, दोन वर्षांपूर्वी. राजी, पहिलं पाऊल – येळवस, दोन वर्षांपूर्वी.

कडूबाई, नजर दिली – लक्ष्मीपूजन. राजी, नजर ठरली – लक्ष्मीपूजन.

दोन्ही माझ्याच अक्षरात. पाच दिवसांच्या अंतरानं लिहिलेले. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या असल्या जुळण्या शोधून दिल्या, आणि इथं मला दिसलं नाही.

मग राजीच्या शब्दांची यादी काढली. त्रेचाळीस झालेत. यादी माझ्या हातची आहे, ओळी सरळ आहेत, आकडे वाचता येतात. एक ते त्रेचाळीस. आकड्यांपुढं जे लिहिलंय त्यातलं मला काहीही वाचता आलं नाही. मोडी लिपी समोर धरावी तसं. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. आधी जिभेवरून जातो, मग हातातून, मग समोर असून ओळखू येत नाही.

मला भीती वाटतेय. हे लिहून ठेवते, साध्या शब्दांत. मला फार भीती वाटतेय.


९ डिसेंबर, सोमवार

विचारलं. सरळ विचारलं. लपवलं कुणीच नाही, त्याचाच जास्त धसका बसला.

कडूबाई म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक होतं असंच वाटलं, लिहून नाही का घेतलं तुम्ही? पाय दिले, नजर दिली. त्या येळवशीला धोंडीबा नातीला कडेवर घेऊन शेतात गेले. जेवणं झाल्यावर म्हणाले, माझे पाय घे गं बाय, आणि गुळाचा खडा अर्धा अर्धा खाल्ला. येताना राजी चालत आली आणि त्यांना बैलगाडीत घालून आणलं. घरातलं लेकरू अडलं तर घरातल्या मोठ्यानं द्यायचं, त्यांच्याकडं असंच चालत आलंय. शब्दांचं मात्र अडलं. कडूबाई द्यायला तयार होत्या. पण त्यांच्याकडं शब्द ते किती, म्हणाल्या. गाईगुरांचे, रानाचे, चुलीचे. पोरीला शाळेत जायचंय, पुढं शिकायचंय. "तुमी तर पेटी भरून घिऊन आलाव. आमी काय वढून घेतले का? मनापासनं देताव का म्हून इचारलं म्या."

विचारलं होतं. खरं आहे.

मी दीपमालावर ओरडले. ती रडत ऐकून घेत राहिली. मी म्हटलं, परत घे. ती म्हणाली, दिलेलं परत येत असतं तर सासऱ्यांचे पाय मी पहिले परत दिले असते. मग किती घेणार? कडूबाई म्हणाल्या, शब्द म्हणजे समदा. पण काळजी करू नका, आम्ही सांभाळू, धोंडीबांना सांभाळतोच की.

धोंडीबा खाटेवर तोंडावर पंचा घेऊन पडले होते. खांदे हलत होते.

मला राग येतोय आणि रागालाही शब्द कमी पडताहेत. उद्या-परवा निघते.


१२ डिसेंबर, गुरुवार

निघाले होते. कुणी अडवलं नाही. शंभूनंच सास्तूरला सोडलं. पिशवी घेऊन एसटीत बसले, कंडक्टर आला, म्हणाला, कुठं ताई?

सकाळी अंगणात राजी माझ्या गावाचं नाव घेऊन दोरीवरच्या उड्या मारत होती. लयीत. तेव्हाच कळायला हवं होतं.

तोंड उघडलं. काही आलं नाही. जिथं माझी खोली आहे ते गाव. जिथं भगवंताचं देऊळ आहे. पुणं म्हणावं तर तेही नव्हतं. कंडक्टर भला माणूस, एकेक गाव वाचून दाखवत होता, मी सगळ्याला मान हलवत होते. ठिकाण सांगितल्याशिवाय तिकीट कसं फाडू, म्हणाला. मागून कुणीतरी म्हणालं, डोक्यावर परिणाम दिसतोय. मला हाताला धरून उतरवलं. अदबीनं.

शंभू पारावरच बसला होता. मोटारसायकल बंद करून. चला मॅडम, म्हणाला, ऊन व्हायला लागलंय. मी मागं बसले. दुसरं कुठं जाणार होते.


१५ डिसेंबर, रविवार

राणीचा फोन. मी बोलले, पण भोकं पडलेलं. आई, तुला काय झालंय? — तिचा आवाज रडवेला. मी म्हटलं, मला — मला — आणि पुढं रिकामं. राजीनं फोन घेतला. गोड बोलली. मी बरी आहे, वेळेवर जेवले, औषध घेतलं. माझंच वाक्य. रोज मी राणीला म्हणते ते, त्याच हेलात. राणी हसली. किती माझ्या आईसारखं बोलतेय ही!

राणी म्हणाली, येळवशीला सुट्टी काढून येते आणि तुला घेऊनच जाते.

जीव भांड्यात पडला. अर्धा तास. मग कडूबाईंनी विचारलं, लेकीचं शिक्षण किती. दीपमालानं सांगितलं, लई मोठ्या हापिसात हाय, समदं इंग्रजीत. कडूबाई म्हणाल्या, पोरीला पुढं इंग्रजी लागंलच.

नाही. राणी नाही.


१८ डिसेंबर, बुधवार

आता, या मिनिटाला लिहिते, हातातून जायच्या आत.

दीपमालानं राजीला दूध दिलं. राजीनं पेला ढकलला. म्हणाली, नको.

पुस्तकात आहे. मूल ज्या दिवशी हे म्हणतं त्या दिवशी ते स्वतःचं माणूस होतं. फार मोठी पायरी. मीच लिहिणार होते हे प्रबंधात.

नको. नको. नको.

लिहून ठेवला. तीनदा. राणीला सांगायला हाच लागणार आहे. शब्द देऊ नको. एवढंच सांगायचंय. एवढाच जपायचा. आयुष्यभर मी तो वापरलाच नाही, कोराच आहे —

राजी दारात उभी राहून तोच म्हणतेय. गाणं करून.


२२ डिसेंबर

गेला.

राजीला विचारलं, भाकरी? ती तो शब्द म्हणते. अंघोळ? तोच म्हणते. सगळे हसतात. मी तिच्या ओठांकडं बघते. ओठ हलतात, मला नुसता वारा ऐकू येतो.

दीपमालानं सकाळी विचारलं, पोरीला जवळ झोपवताव का? मान आपोआप खाली-वर झाली. शंभूनं विचारलं, फोन राजीकडं राहू दे का? मान खाली-वर. दुसरीकडं वळतच — मान दुसरीकडं कशी वळवतात ते —

दीपमाला मला भरवते. आपल्या लेकराला भरवावं तसं. डोळे पुसते तिचे आणि माझे.


२६ डिसेंबर

राजी राणीशी बोलते रोज. राणी खूश. आईला आराम पडतोय ना, विचारते. राजी सांगते, हो. तू येच. आंबील करणार, भज्जी करणार.

छातीत धडधडतं त्याचं नाव होतं. काल राजी कुत्र्याला बघून ते म्हणाली. आता नुसतं धडधडतं. नाव गेलं तरी राहतं ते.

धोंडीबांनी खाटेवरून हात लांब केला. माझा हात. दोघं बसलो. त्यांनी पेन दाखवलं. मग रस्ता दाखवला. मग पेन.

कळलं. लिहून ठेवायचं. तिच्यासाठी.

किती शब्द उरलेत? मोजायला — एक, दोन —


२९ डिसेंबर

उद्या राणी.

हे पान फाडून तिच्या हातात. दारातच. आजी गूळ काढायच्या आधी. आजी म्हणणार, आईला न्या, पण परत आणायचा शब्द द्या. मनापासून द्या. माझी राणी लगेच देईल. माझीच लेक.

पण मी लिहिलेलं ती ऐकते. लहानपणापासून. आईची चिठ्ठी म्हणजे शेवटचं.

सांगायचं सोपं आहे. शेवटी एक लहान शब्द लागतो. तो राजीकडं. मागचं पान उघडलं. तिथं आहे तो, तीनदा, माझ्या हातचा. तीन डाग दिसतात.

दुसरा — जागच्या जागी उभं राहायला सांगतात तो, तोही. धावायला सांगतात तो, तोही तिनं काल —

राजी शेजारी बसलीय. माझ्या मनगटावर तिचा हात, गरम. एकेका अक्षरावर बोट ठेवते, मोठ्यानं वाचते. छान वाचते. पुढं लिहा, म्हणते.

सुरुवात करते. शेवट हाताला आपोआप येईल. येईल.

राणी, तू यांना शब्द दे